विकराचं ‘उत्तम तापमान’ ४० की ५०? तुमचे दोन्ही आकडे बरोबर का आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अल्कलाइन फॉस्फटेज हा विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया वेगवान करणारं प्रथिन) आणि पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट हा सब्स्ट्रेट (विकर ज्यावर काम करतो तो रेणू, इथे तुटल्यावर पिवळा पदार्थ देणारा) घेऊन तुम्ही वेगवेगळ्या तापमानांना प्रयोग केला. नळ्या १० मिनिटं ठेवल्या, तर ५० अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त पिवळा रंग आला. तुमच्या सहकाऱ्याने तोच प्रयोग तासभर ठेवून केला, तर ४० अंशाची नळी पहिली आली. पुस्तकात ३७ लिहिलंय. शिवाय ७० अंशाची नळी थंड केली तरी विकर पुन्हा कामाला लागला नाही, सामू (पीएच, आम्लतेचं माप) ५ केल्यावर रंगच दिसला नाही, आणि सब्स्ट्रेट दुप्पट केला तरी वेग जागचा हलला नाही. यातलं चुकलं कोण, आणि विकर ‘मरतो’ म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. तुम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज वेगवेगळ्या प्रमाणात मोजली आणि दोघांनी तिला एकच नाव दिलं. मी २२ वर्षं विकरांच्या मोजणीचं काम करते आणि शिकवतेही. माझ्याकडे येणाऱ्या शंकांपैकी बऱ्याचशा इथेच अडकलेल्या असतात. ‘विकराचा वेग’ आणि ‘विकराचा टिकाऊपणा’ या दोन गोष्टी आहेत. तापमान आणि सामू दोन्हींवर परिणाम करतात, पण वेगवेगळ्या रीतीने. त्या सुट्या केल्या की तुमची पाचही निरीक्षणं आपोआप जागेवर बसतील.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचा विकर कुठून आला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. वासराच्या आतड्यातून मिळवलेला अल्कलाइन फॉस्फटेज आणि ई. कोलाय या जीवाणूतला अल्कलाइन फॉस्फटेज एकच अभिक्रिया घडवतात, पण उष्णता सोसण्यात जीवाणूचा कितीतरी पुढे आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचा प्राणिज असावा असं धरून पुढे लिहिते. बाटलीवर स्रोत दिलेला असतो, तो वहीत टिपून ठेवा. ‘अल्कलाइन फॉस्फटेजचं उत्तम तापमान’ असं नुसतं म्हणणं अपुरं आहे, कारण हे एका कुटुंबाचं नाव आहे, एका रेणूचं नव्हे.

आता मुळापासून. विकर नेमकं काय करतो?

कोणतीही अभिक्रिया घडताना रेणूला मध्ये एका अवघडलेल्या अवस्थेतून जावं लागतं. जुना बंध अर्धा तुटलेला असतो, नवा अर्धा जुळलेला असतो. ही संक्रमण अवस्था म्हणजे घाटमाथा. अलीकडून पलीकडे जायचं तर माथा चढावाच लागतो, मग पलीकडचं गाव कितीही उतारावर असो. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. विकर हा माथा खाली आणतो. दोन्ही गावांची उंची तो बदलत नाही, त्यामुळे शेवटी समतोल जिथे व्हायचा तिथेच होतो, फक्त लवकर होतो. तो जाण्याची वाट जेवढी सोपी करतो तेवढीच येण्याचीही. रक्तातला कार्बोनिक अनहायड्रेज पेशींजवळ कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करतो आणि फुप्फुसात त्याच बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतो. दिशा ठरवते ती दोन्हीकडची संहती. विकराला दिशा कळत नाही.

माथा किती खाली येऊ शकतो याचा एक दाखला मी दर वर्षी पहिल्याच तासाला देते. डीएनए आणि आरएनएच्या घटकांपैकी काही तयार होताना ओरोटिडीन मोनोफॉस्फेट या रेणूतून कार्बन डायऑक्साइड सुटावा लागतो. हा रेणू साध्या पाण्यात, उदासीन सामूला, खोलीच्या तापमानाला नुसता ठेवला, तर निम्मे रेणू बदलायला सुमारे ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील असा हिशोब निघतो. त्याचा विकर हेच काम सेकंदाला काही दहा वेळा करतो. वेगातली ही वाढ १ वर १७ शून्यं एवढी आहे. सगळेच विकर इतके तडफदार नसतात. अश्रूंमधला लायसोझाइम एक बंध तोडायला सेकंदभर किंवा अधिक घेतो, तर कॅटलेज सेकंदाला लाखो हायड्रोजन पेरॉक्साइड रेणू फोडू शकतो.

हे कसं जमतं? एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. ती आजही शाळेत शिकवली जाते. अमुक विकराला अमुकच रेणू का चालतो हे तिच्यातून चांगलं कळतं. पण वेग का वाढतो ते तिच्यातून कळत नाही. विचार करा, सब्स्ट्रेट विकरात अगदी घट्ट, सुखात बसला तर तो तिथेच रमेल. घाट चढायला निघण्याआधी त्याला आणखी खोल दरीत ढकलल्यासारखं होईल. लायनस पॉलिंग यांनी १९४०च्या दशकात नेमका हा गुंता सोडवला. विकराचं सक्रिय स्थान सब्स्ट्रेटपेक्षा त्या अवघडलेल्या संक्रमण अवस्थेला जास्त चांगलं जुळतं. आधार द्यायचा तो माथ्यावर. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी मांडलं की सब्स्ट्रेट आत आला की विकरही थोडा वळतो, मिटतो आणि त्याभोवती आकार घेतो. म्हणजे विकर हालता असावा लागतो. पुढे तापमानाकडे जाताना हा हालतेपणा लक्षात ठेवा.

आणखी एक तपशील, ज्याशिवाय ‘मरणं’ कळणार नाही. कायमोट्रिप्सिन हा पचनातला विकर घ्या. त्याच्या साखळीत अमिनो आम्लांच्या दोनशेहून अधिक कड्या आहेत. प्रत्यक्ष रासायनिक काम मुख्यतः तिघी करतात, ५७ क्रमांकाचं हिस्टिडिन, १०२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टेट आणि १९५ क्रमांकाचं सेरिन. साखळी सरळ ताणली तर या एकमेकींपासून दूर दूर पडतील. साखळीची घडी बसते तेव्हाच त्या शेजारी येतात, आणि तेही अणूच्या मापाच्या अचूकतेने. उरलेल्या बहुतेक कड्यांचं काम या तिघींना योग्य जागी धरून ठेवणं हे आहे. ही घडी धरून ठेवतात ते बहुतेक दुबळे बंध, हायड्रोजन बंध, विद्युतभारांचं आकर्षण, तेलकट भागांचं पाण्यापासून आत लपणं. असे शेकडो बंध घडी टिकवायला ओढतात आणि साखळीची मोकळं होण्याची ओढ उलट दिशेला खेचते. दोन्हींची वजाबाकी केली तर हाती उरणारी स्थिरता मोजक्या हायड्रोजन बंधांइतकीच असते. विकर नेहमीच काठावर उभा असतो.

आता तापमान. १० अंशांनी तापमान वाढलं की विकराचा वेग साधारण दुप्पट होतो, हे तुम्ही वाचलं असेल. पण का? २५ वरून ३५ अंशांवर जाणं म्हणजे निरपेक्ष मोजपट्टीवर २९८ वरून ३०८ केल्विन. रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. मग वेग दुप्पट कसा? कारण सरासरी रेणू घाट ओलांडतच नाही. ओलांडतात ते मूठभर, ज्यांच्याकडे त्या क्षणी नेहमीपेक्षा खूप जास्त ऊर्जा आहे. सरासरी थोडी सरकली की या मूठभरांची संख्या भराभर वाढते. चढ मोलमागे ५० किलोजूलचा असेल तर हिशोबाने वेग १.९ पट होतो. हा झाला पहिला परिणाम, आणि तो वेगावरचा आहे.

दुसरा परिणाम घडीवरचा. घडी उसवणं हीसुद्धा एक प्रक्रियाच आहे आणि तिलाही तिचा घाट आहे. फरक असा की तो घाट खूप उंच असतो, कारण असंख्य बंध जवळजवळ एकदम सुटावे लागतात. घाट जितका उंच तितका तापमानाचा परिणाम तीव्र. म्हणून अभिक्रियेचा वेग १० अंशांना दुप्पट होत असताना घडी उसवण्याचा वेग तेवढ्याच १० अंशांत कित्येक पटींनी उसळी मारतो. आलेखाची उजवी बाजू डावीपेक्षा इतकी खडी का असते त्याचं कारण हेच.

आता तुमचे आणि सहकाऱ्याचे आकडे बघू. सोयीसाठी काही आकडे मी मानलेले आहेत. समजा, ४० अंशांना विकर मिनिटाला १ माप पदार्थ तयार करतो आणि तासभर धड टिकतो. ५० अंशांना तो मिनिटाला २ मापं करतो, पण दर १० मिनिटांनी निम्मे रेणू उसवतात. १० मिनिटांनंतर ४० अंशाच्या नळीत १० मापं आणि ५० अंशाच्या नळीत सुमारे १४. तुम्ही म्हणणार ५० उत्तम. तासाभरानंतर ४० अंशाच्या नळीत ६० मापं, पण ५० अंशाच्या नळीत फक्त २८ च्या आसपास, कारण तिथला विकर एव्हाना जवळजवळ संपलेला आहे. सहकारी म्हणणार ४० उत्तम. दोन्ही नळ्यांची बरोबरी साधारण २३व्या मिनिटाला होते. त्याच मिनिटाला कुणी मोजलं असतं तर दोन तापमानांत काही फरकच नाही असं त्याने लिहिलं असतं.

म्हणून ‘उत्तम तापमान’ हा वितळणबिंदूसारखा पदार्थाचा स्थिर गुणधर्म नाही. किती वेळ ठेवलं, कोणता बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), किती सब्स्ट्रेट हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. माझ्याकडे कोणी ‘उत्तम तापमान ५५’ असा अहवाल आणला तर मी आधी विचारते, किती मिनिटांचं? पुस्तकातलं ३७ हे वैद्यकीय प्रयोगशाळांनी मोजणीसाठी सर्वमान्य केलेलं तापमान आहे, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघता यावेत. त्या तापमानाला विकर सर्वांत वेगवान असतो असा त्याचा अर्थ नाही.

वेळ आणि तापमान यांची ही अदलाबदल तुमच्याच विकरावर जगभरच्या दुग्धव्यवसायात रोज वापरली जाते. दूध पाश्चराइज करायच्या दोन प्रचलित रीती आहेत, ६३ अंशांना ३० मिनिटं किंवा ७२ अंशांना १५ सेकंद. दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नैसर्गिकपणे असतो, आणि दुधातले घातक जीवाणू मरायला जेवढी उष्णता लागते त्याहून किंचित जास्त उष्णतेला तो निकामी होतो. त्यामुळे प्रक्रियेनंतर दुधात फॉस्फटेज सापडला नाही तर दूध नीट तापवलं गेलं असं मानतात. ९ अंशांच्या वाढीने ३० मिनिटांचं काम १५ सेकंदांवर येतं, म्हणजे वेळ १२० पटींनी कमी. घडी उसवण्याचा घाट उंच असला की काय होतं ते या दोन आकड्यांत दिसतं.

७० अंशाची नळी थंड केल्यावर विकर का परतला नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. घडी उसवणं तत्त्वतः परतवता येतं. ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हा विकर युरियात पूर्ण उलगडला, त्याचे गंधकाचे बंधही तोडले, आणि मग युरिया काढून टाकून हवेशी संपर्क येऊ दिला. विकराने आपली घडी आपणच पुन्हा घातली आणि तो कामाला लागला. घडीचा आराखडा साखळीच्या क्रमातच असतो हे त्यातून कळलं, आणि १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण ७० अंशांना परिस्थिती वेगळी असते. उलगडलेल्या साखळ्यांचे आत लपलेले तेलकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या साखळ्यांच्या तशाच भागांना चिकटतात. गुठळी होते. आता थंड केलं तरी साखळी एकटी नाही, ती इतरांत गुंतलेली आहे. परतीची वाट उष्णतेने नव्हे तर या गुंत्याने बंद केली. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘विकर मेला’ म्हणू देत नाही. उसवला का, गुठळी झाली का, की नुसता मंदावला? तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. थंडीत बहुतेक विकर नुसते मंदावतात आणि ऊब मिळाली की पूर्ववत होतात. याला अपवाद आहेत. पायरुव्हेट कार्बोक्सिलेजसारखे काही बहुघटकी विकर थंडीतच सुटे होतात आणि खोलीच्या तापमानाला जास्त टिकतात. त्यामुळे ‘विकर नेहमी बर्फात’ हा नियमही डोळे मिटून पाळू नका.

निसर्गात या काठाची दोन टोकं सुंदर दिसतात. सयामी मांजरांमध्ये रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज विकरात असा बदल आहे की शरीराच्या उबेला तो नीट टिकत नाही. म्हणून धड फिकट राहतं, आणि कान, नाक, पंजे, शेपूट या तुलनेने थंड भागांत रंग भरतो. पिल्लं आईच्या पोटातल्या उबेतून येतात, त्यामुळे जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. दुसरं टोक म्हणजे अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांमधला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जीवाणू, ज्याचं वर्णन १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा डीएनए पॉलिमरेज ७० अंशांच्या पुढे जोमाने काम करतो आणि ९५ अंशांनाही काही काळ तग धरतो. डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचं पीसीआर तंत्र त्याच्याच जोरावर सोपं झालं. असे विकर खोलीच्या तापमानाला मात्र बहुधा सुस्त असतात. जास्त घट्ट बांधणी म्हणजे कमी हालतेपणा, आणि कॉशलँड यांच्यापासून आपल्याला माहीत आहे की हालतेपणा कामाला लागतो.

सामूकडे येऊ. सामू म्हणजे पीएच. ही मोजपट्टीच मुळी विकरांवर काम करताना जन्माला आली. सोरेन सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली, कारण आम्लता नेमकी मोजल्याशिवाय विकरांचे प्रयोग एकमेकांशी जुळेनात. सामू तीन ठिकाणी हात घालतो. सक्रिय स्थानातल्या गटांवरचा विद्युतभार, सब्स्ट्रेटवरचा भार आणि एकूण घडी. पहिले दोन परिणाम सहसा परतवता येतात, तिसरा बहुधा नाही. जठरातला पेप्सिन सामू २ च्या आसपास उत्तम चालतो, तर आतड्यातला ट्रिप्सिन ८ च्या आसपास. पेप्सिन ८ च्या पुढे नेला की त्याची घडी जाते आणि आम्ल परत घातलं तरी काम परत येत नाही.

पण तुमच्या सामू ५ च्या नळीत मला एक चौथी गोष्ट दिसते, आणि ती विकराची नाहीच. तुम्ही ज्या पिवळ्या रंगावरून मोजता तो पॅरानायट्रोफेनॉल फक्त आयन झालेला असतानाच पिवळा असतो. त्याचा पीके, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू आयन झालेले असतात तो, सुमारे ७.१५ आहे. सामू १० ला जवळजवळ सगळे रेणू पिवळे, पण सामू ५ ला शंभरातला एकही धड पिवळा नाही. विकराने पदार्थ तयार केला असला तरी तुम्हाला तो दिसणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी याच फॉस्फटेजच्या आम्लात चालणाऱ्या भावंडाचा सामूचा आलेख आठवडाभर खपून काढला होता आणि तो आम्लाचा विकर असूनही आम्लात शून्य दाखवत होता. माझ्या मार्गदर्शक बाईंनी काही न बोलता प्रत्येक नळीत थोडा सोडियम हायड्रॉक्साइड टाकला. पांढऱ्या नळ्या एकामागून एक पिवळ्या होत गेल्या. तो क्षण मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी आधी तपासते की मोजण्याचं साधनच तर परिस्थितीनुसार बदलत नाही ना. तुम्हीही प्रत्येक नळीत ठरलेल्या वेळी सारखाच अल्कली घाला. अभिक्रिया थांबेल आणि रंग सगळीकडे एकाच मापाने उमटेल. अल्कलाइन फॉस्फटेज सामू ५ ला खरोखरच फार मंद असतो, तेव्हा आकडा कमीच येईल, पण तो खरा असेल.

याच जातीचा आणखी एक सापळा तुमच्या तापमानाच्या प्रयोगात असू शकतो. तुम्ही ट्रिस बफर वापरला असेल तर त्याचा सामू तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला सुमारे ०.०३. म्हणजे २५ अंशांना ८.५ लावलेला बफर ६० अंशांना साधारण ७.५ वर येतो. तुम्हाला वाटतं तुम्ही फक्त तापमान बदललं, प्रत्यक्षात दोन्ही बदलले, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला तर अल्कधर्मी सामूच हवा. बफरचा सामू ज्या तापमानाला प्रयोग करायचा त्याच तापमानाला लावा. बदली म्हणून फॉस्फेट बफर मात्र घेऊ नका. फॉस्फेट हा याच अभिक्रियेतून निघणारा पदार्थ आहे, तो सक्रिय स्थानात सब्स्ट्रेटच्या जागी जाऊन बसतो आणि वेग पाडतो. ईडीटीए असलेली कोणतीही बाटलीही दूर ठेवा. या विकराच्या सक्रिय स्थानात जस्ताचे आयन असतात, मॅग्नेशियमही लागतं, आणि ईडीटीए हे धातू ओढून घेतो.

सब्स्ट्रेट दुप्पट करूनही वेग का वाढला नाही? विकराचे रेणू मोजके आहेत. प्रत्येकाला एक रेणू घ्यायला, बदलायला आणि सोडायला ठरावीक वेळ लागतो. सब्स्ट्रेट कमी असताना विकर वाट बघत मोकळे असतात, म्हणून सब्स्ट्रेट वाढवला की वेग वाढतो. सगळे विकर गुंतले की बाहेरची रांग लांबवून उपयोग नाही. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये इन्व्हर्टेज या विकरावर हे मांडलं. ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तिला मायकेलिस स्थिरांक म्हणतात. सब्स्ट्रेट या स्थिरांकाच्या ९ पट असेल तर वेग कमाल वेगाच्या ९० टक्के. तिथून पुढे दुप्पट केलात तर ९५ टक्क्यांच्या जवळ, आणि एवढासा फरक तुमच्या रंगमापकात हरवून जातो. तुम्ही बहुधा याच पट्ट्यात होतात.

हा स्थिरांक म्हणजे नुसती परीक्षेपुरती व्याख्या नाही. शरीरात ग्लुकोजला फॉस्फेट जोडणाऱ्या विकरांपैकी दोन घ्या. मेंदूतल्या हेक्सोकायनेजचा ग्लुकोजसाठीचा स्थिरांक सुमारे ०.१ मिलिमोलर किंवा त्याहून कमी, आणि यकृतातल्या ग्लुकोकायनेजचं निम्म्या वेगाचं माप ८ च्या आसपास. रक्तात ग्लुकोज साधारण ५ मिलिमोलर असतं. म्हणजे हेक्सोकायनेज कायम भरलेला, साखर थोडी वरखाली झाली तरी मेंदूचा पुरवठा तसाच. ग्लुकोकायनेजचा वेग मात्र साखरेबरोबर हलतो, त्यामुळे जेवणानंतर यकृत जास्त साखर उचलतं. एकच अभिक्रिया, पण स्थिरांक वेगळा म्हणून भूमिका वेगळी.

निरोधकांबद्दल, म्हणजे विकराला अडवणाऱ्या पदार्थांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या नळीतल्या फॉस्फेटचा विषय निघालाच आहे म्हणून एवढंच. जो निरोधक सब्स्ट्रेटच्याच जागेसाठी भांडतो त्याला सब्स्ट्रेट वाढवून हटवता येतं. मिथेनॉलच्या विषबाधेत डॉक्टर इथेनॉल देऊ शकतात ते याच तत्त्वावर. अल्कोहोल डीहायड्रोजिनेज इथेनॉलला अधिक पसंत करतो, त्यामुळे मिथेनॉलपासून घातक पदार्थ बनणं मंदावतं. याउलट अ‍ॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजिनेज या विकरावर कायमचा गट चिकटवतं. तिथे सब्स्ट्रेट कितीही ओता, नवा विकर तयार होईपर्यंत सुटका नाही. रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) केंद्रक नसल्याने त्या नवा विकर फारसा बनवू शकत नाहीत, म्हणून थोड्याशा अ‍ॅस्पिरिनचा त्यांच्यावरचा परिणाम बरेच दिवस टिकतो.

तुम्ही प्रयोग पुन्हा करणार असाल तर मी कसा करेन ते सांगते. आधी विकर इतका पातळ करा की १० मिनिटांत सब्स्ट्रेटचा दहावा हिस्साही संपणार नाही. मग विकर निम्मा आणि दुप्पट घेऊन बघा. रंगही निम्मा आणि दुप्पट आला तर तुम्ही खरोखर विकराचा वेग मोजताय. तो तसा आला नाही तर पुढचे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि हेच आधी नीट करा. सब्स्ट्रेट आणि बफर विकर घालण्याआधीच त्या त्या तापमानाला आणा, थंड द्रावण गरम पाण्यात ठेवलं की पहिली दोन-तीन मिनिटं तापण्यातच जातात. प्रत्येक तापमानाला विकराशिवायची एक नळी हवी, कारण हा सब्स्ट्रेट जास्त तापवला तर थोडा आपोआपही तुटतो. विकर मिसळताना नळी जोरात हलवून फेस आणू नका. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनं पसरतात आणि उसवतात. फार पातळ केलेला विकर काचेला चिकटूनही कमी होतो, तेव्हा बफरमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं घातलं तर आकडे स्थिर येतात.

यानंतर वेग आणि टिकाऊपणा सुटे करायचे. वेगासाठी प्रत्येक तापमानाला एकच वाचन न घेता १, २, ३, ५ आणि १० मिनिटांना घ्या आणि रेघ जिथे सरळ आहे त्या सुरुवातीच्या भागाचा उतार काढा. टिकाऊपणासाठी विकर सब्स्ट्रेटशिवाय ५० अंशांना ठेवा, दर ५ मिनिटांनी थोडा काढून बर्फात टाका आणि शेवटी सगळे नमुने ३० अंशांना एकत्र मोजा. पहिल्या आलेखात ५० अंशाचा उतार ४० पेक्षा जास्त आणि दुसऱ्यात विकर १०-१५ मिनिटांत निम्म्यावर आला, तर तुमचा आणि सहकाऱ्याचा निकाल का वेगळा आला त्याचं उत्तर तुमच्याच वहीत असेल. सब्स्ट्रेटशिवाय विकर जास्त लवकर उसवतो असं कदाचित दिसेल. त्याने गोंधळू नका, सक्रिय स्थानात बसलेला रेणू बऱ्याचदा घडीला आधारही देतो. दुसऱ्या आलेखात मात्र विकर अजिबात कमी झाला नाही, तर माझा उसवण्याचा अंदाज तुमच्या नळ्यांना लागू नाही. मग आधी बफर बघा, आणि त्याचा सामू थेट ५० अंशांना मोजून कळवा.